सोबत यादी जोडली आहे

नोटीस आली तेव्हा आईच्या पायांवर बाळ होतं.

ती मोरीत पाटावर बसलेली, दोन्ही पाय लांब पसरलेले, पोटऱ्यांवर कासारांच्या सुनेचं दीड महिन्याचं पोर पालथं. एका हातानं त्याची हनुवटी तोलून ती दुसऱ्या हातानं पाठीवर पाणी सोडत होती. दारात पालिकेचे शिपाई खंडूकाका गुरव येऊन उभे राहिले. हातात लांबट खाकी लिफाफा. आईनं मान वर केली नाही.

"बसा की भावजी. लेकरू पायावर हाय."

खंडूकाका चपला काढून उंबऱ्याशी बसले. पालिकेच्या माणसानं पालिकेच्याच खोलीत चपला काढून बसावं असा काही नियम नव्हता, पण बाळाच्या अंघोळीत मधे बोलायचं नाही हा आमच्या घरचा नियम मात्र सगळ्या वसाहतीला माहीत होता. पोराचं अंग पुसून झालं. शेगडीवर ओवा टाकून धुरी झाली. टाळूवर तेल थापून झालं. आईनं त्याला जुन्या लुगड्यात गच्च गुंडाळलं आणि त्याच्या आईच्या हातात दिलं. मग तिनं लिफाफ्यासाठी हात पुढं केले, तेलकट आहेत हे बघितलं आणि मागं घेतले.

"गिरजे, तू घे."

म्हणून ती नोटीस मी घेतली. खंडूकाकांच्या वहीत सहीसुद्धा मीच केली. मी सातवीत होते आणि माझं अक्षर चांगलं होतं. खंडूकाका सहीकडं बघून म्हणाले, "आमच्या साहेबाची पण अशी येत न्हाई."

आईनं वाचायला सांगितलं. सदनिका क्रमांक ब/१४ ही आपणांस केवळ निवासासाठी भाड्याने दिलेली असताना आपण सदर जागेत विनापरवाना प्रसूतिगृह अथवा तत्सम आरोग्यकेंद्र चालवीत असल्याची तक्रार या कार्यालयास प्राप्त झाली आहे. तरी आपला भाडेकरार संपुष्टात का आणू नये, याचा लेखी खुलासा पंधरा दिवसांत करावा. मी एका दमात वाचलं. शाळेत धडा वाचायचे तसं.

"म्हंजे काय?" आईनं विचारलं.

"म्हंजे खोली जाईल, वैनी," खंडूकाका म्हणाले.

आईनं शेगडीवरची ओव्याची राख झटकली. मग म्हणाली, "पर बाळंत व्हायला कोण येतंय हितं? झाल्यावर येत्यात."

"त्ये लिहून द्यायचं. तोंडी चालत न्हाई."

तोवर दारात पुढची बाई बाळ घेऊन उभी होती. आईनं पाण्यात कोपर बुडवून बघितलं आणि तिला आत बोलावलं.

ती खोली म्हणजे पाण्याच्या टाकीखालच्या वसाहतीतली बैठ्या घरांची एक ओळ, तिच्यातली चौदावी. माझे वडील पालिकेत व्हॉल्व्हमन होते. कुठल्या गल्लीचं पाणी किती वाजता सोडायचं आणि किती वाजता बंद करायचं, हे त्यांचं काम. मी तिसरीत असताना ते गेले. खोली आईच्या नावावर झाली. त्यांचा वेळांचा तक्ता मात्र चुलीवरच्या भिंतीला तसाच राहिला, धुरानं तपकिरी झालेला. बाळ घेऊन आलेल्या बायका जाता जाता आईला पाण्याची वेळ विचारायच्या, आणि ती तक्त्याकडं एकदा नजर टाकून सांगायची. मला वाटायचं तिला पाठ आहे. आईला अक्षर येत नव्हतं.

बाळाला आणि बाळंतिणीला न्हाऊ घालणारी बाई घरोघर जाते. आई पण जायची. मी पाचवीत असताना कोष्टी गल्लीतल्या एका न्हाणीत ती शेवाळावरून घसरली आणि खुब्याचं हाड जे बसलं ते वाकडंच बसलं. त्यानंतर पायऱ्या जमेनात, लांब चालणं जमेना. काम बंद पडायला हवं होतं. पण बायकाच बाळं घेऊन आमच्याकडं यायला लागल्या. आधी वसाहतीतल्या, मग टाकीपलीकडच्या, मग रिक्षा करून येणाऱ्या. पाय पसरून बसायला आईला काहीच त्रास नव्हता, उठायलाच होता. म्हणून ती सकाळी सातला जी पाटावर बसायची, ती साडेअकराला उठायची.

कुणी ओटीत तांदूळ घालायचं, कुणी नारळ, बारशाला खण. ती मागायची नाही आणि नाही पण म्हणायची नाही. आमच्या मोरीत दोनच गोष्टी चालत नसत. एक म्हणजे बाळाला बघून 'काय गुटगुटीत आहे' म्हणणं. आणि दुसरी, बाळं मोजणं. नवीन आलेल्या एखाद्या बाईनं सहज विचारावं, आज किती झाली गं मावशी, तर आई म्हणायची, "हायती की." आणि पाणी जरा जोरात ओतायची.

नोटिशीनंतर आठव्या दिवशी साहेब पाहणीला आले.

मालमत्ता विभागाचे सरनोबत साहेब म्हणजे कुणी जाडजूड मिशीवाला माणूस असेल असं मी ठरवून ठेवलं होतं. निघाला एक किडकिडीत मनुष्य, शर्टाचं वरचं बटण लावलेला, डोळ्यांखाली काळं. आमच्या गावात बदली होऊन त्याला दोन महिने झाले होते असं खंडूकाकांनी सांगितलं. साहेबांनीही उंबऱ्याशी बूट काढले. पायमोज्याला भोक होतं. ते त्यांनी दुसऱ्या पायाखाली झाकलं.

पंचनामा सुरू झाला. साहेब बघायचे आणि लिहायचे, लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणायचे. पाट, एक. घंगाळ, तांब्याचं, एक. शेगडी, एक. तेलाची बाटली, अर्धी. सहाण आणि वेखंडाचा तुकडा. मग त्यांची नजर दोरीकडं गेली. दोरीवर लंगोट वाळत होते. साहेबांनी पेनाच्या टोकानं एक, दोन, तीन सुरू केलं.

"त्ये मोजू नका," आई म्हणाली.

"का?"

"लंगोट मोजलं म्हंजे लेकरं मोजली."

साहेबांनी पेन थांबवलं. खंडूकाकांकडं बघितलं. खंडूकाका छताकडं बघत होते. साहेबांनी लिहिलं, 'लंगोट, काही.'

मग प्रश्न. इथं प्रसूती होतात का? नाही. औषध देता का? आईनं जरा विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "ओवा."

"ओवा औषध आहे का?"

"तुमच्यात भज्यात घालत न्हाईत व्हय?"

साहेबांनी ते लिहिलं नाही. रोज किती बाळं येतात, हे विचारलं. आई म्हणाली, येत्यात की. साहेब म्हणाले, आकडा सांगा. आई म्हणाली, बाळं मोजत नाहीत, साहेब. साहेब म्हणाले, बरं, अंदाजे. आई म्हणाली, अंदाज म्हंजे मोजणंच की ओ. साहेबांनी खाली मान घालून लिहिलं, 'संख्या सांगितली नाही,' आणि वही मिटली.

ती वही मिटताना मला त्यांचा चेहरा दिसला. मी लहान होते तरी मला कळलं की या माणसाला बरं वाटलेलं आहे.

"हे बघा मावशी," ते म्हणाले, "घरात बाळाला अंघोळ घालणं हा काही गुन्हा नाही. सगळेच घालतात. खुलाशात दोन ओळी लिहा. ओळखीच्या एक-दोन बायका अधूनमधून येतात, बाकी काही नाही. एवढंच. मी फाईल बंद करतो."

"दोन ओळी," आई म्हणाली.

"दोनच. जास्त लिहू नका."

बूट घालताना ते थांबले. एक बूट पायात, एक हातात. "मावशी, उचकी लागली तर काय करायचं?"

"कुणाला?"

"असंच."

"किती दिवसाचं?"

"बावीस," साहेब म्हणाले. आईनं सांगितलं, खांद्यावर उभं धरा, पाठीवरनं हात फिरवा, आणि टाळूवर तेल आहे का बघा. ही शेवटची गोष्टसुद्धा साहेबांनी वहीत लिहून घेतल्यासारखं मला वाटलं.

इथंच हे सगळं संपायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मोरीपाशी बसलेल्या बायकांना आईनं सांगितलं की दोन ओळी लिहून द्यायच्या आहेत. काय लिहायचं? ओळखीच्या एक-दोन बायका अधूनमधून येतात. हे ऐकल्यावर कासारांच्या सुनेनं पोराला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"एक-दोन?" ती म्हणाली. "म्हंजे आमी कोण?"

तिथून पुढं बायका तापत गेल्या. जिच्या हाताखालनं वसाहतीतली निम्मी पोरं गेली, तिच्या नावावर एक-दोन बायका? म्हणजे पालिकेला वाटायचं, कुणी फिरकत नाही हिच्याकडं. कुणीतरी तक्रार केली, तर कौतुक करणारं कुणी नको? सह्या द्यायच्या. सगळ्यांनी द्यायच्या. अर्ज कोण लिहील, असा प्रश्नच नव्हता. सगळ्या माझ्याकडं वळल्या.

आता यातला माझा भाग सांगते.

शाळेत बर्गे बाईंनी आम्हाला अर्जलेखन शिकवलं होतं. अर्जात मोघम काही लिहू नये, असं त्या फळ्यावर अधोरेखित करून सांगायच्या. पुरावा द्यावा. पुरावा मोठा असेल तर मजकुरात फक्त 'सोबत यादी जोडली आहे' असं लिहावं आणि यादी वेगळ्या कागदावर, रकाने आखून. माझे रकाने वर्गात दाखवले जायचे.

मी चार रेघी कागद घेतले आणि पट्टीनं सहा रकाने आखले. अनुक्रमांक. बाळाचे नाव. आईचे नाव व पत्ता. वय. अंघोळीची वेळ. शेरा. लाल शाईनं मथळे, निळ्यानं मजकूर. ज्यांचं बारसं व्हायचं होतं त्यांच्यापुढं 'बाळ' एवढंच. ओळीच्या शेवटी त्या त्या बाईची सही.

चार दिवस ती यादी चालली. सकाळी शाळेआधी आणि दुपारी शाळेनंतर. नाव राहिलं तर बाई रुसायची. टाकीपलीकडची एक जण तर फक्त नाव घालायला रिक्षानं आली, कारण तिच्या जावेचं नाव होतं आणि तिचं नव्हतं. वेळेच्या रकान्यात मी सात दहा, सात पंचवीस, सात चाळीस असं, आणि रोज न येणारीचे वारही, नीट लिहीत गेले. दोघींची वेळ एक आली तर मी दोघींना विचारून पुढंमागं केली. त्या यादीमुळं आमच्या मोरीत पहिल्यांदाच वेळापत्रक तयार झालं. शेऱ्याच्या रकान्याला तर बायका थांबेचनात. 'सर्दी बरी झाली.' 'रडायचा थांबला.' 'डॉक्टरांना जमले नाही ते मावशींना जमले.' हे शेवटचं मला फार आवडलं होतं. मी त्याच्याखाली रेघ मारली.

सतराव्या ओळीत खंडूकाकांची नात होती.

यादी झाली तेव्हा मी ती आईसमोर पाटावर ठेवली. आई नुकतीच उठली होती, भिंतीला धरून उभी होती; दारात बायका यादी बघायला थांबल्या होत्या.

"दोन ओळी म्हणालं न्हवं साहेब?" तिनं विचारलं.

"दोनच ओळी आहेत. बाकी यादी आहे."

तिनं मान हलवली. एकेक कागद उलटत तिनं त्यावरून नजर फिरवली, पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत. मग तिनं विचारलं, "आकडा न्हाई न घातलास?"

"नाही," मी म्हणाले.

एकूण म्हणून मी खाली काही लिहिलं नव्हतं. ते खरं होतं. पहिल्या रकान्यात शेवटच्या ओळीला त्रेचाळीस होतं, तेही खरं होतं. तो अनुक्रमांक होता. आईला अक्षर येत नाही, हे माझ्या मनात त्या क्षणी होतं की नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. होतं.

आईनं अंगठा द्यायला हात पुढं केला. तेलामुळं शाई धरेना. तिनं डाळीच्या पिठानं अंगठा घासून धुतला, पदराला पुसला आणि शेवटच्या कागदावर, त्रेचाळीसच्या खाली, दाबला.

अर्ज खंडूकाकांनीच नेला. दोन प्रती केल्या होत्या. त्यांनी आवक खिडकीत उभं राहून आधी सतरावी ओळ शोधली, नातीचं नाव बरोबर लिहिलंय याची खात्री केली, दोन्ही प्रतींवर शिक्के मारून घेतले. साहेब जास्त लिहू नका म्हणाले होते, हे त्यांना शिक्का बसल्यावर आठवलं. तसं त्यांनी संध्याकाळी येऊन सांगितलं पण. आई म्हणाली, चहा घ्या.

सुनावणीला मी आईबरोबर गेले, तिला धरून जिना चढवायला. साहेबांच्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीपर्यंत फायली. आमची फाईल उघडी होती. साहेब यादी वाचत होते. पहिला कागद वाचला, दुसरा, तिसरा. मधे एकदा त्यांनी डोळे चोळले. चौथ्या कागदावर ते बराच वेळ थांबले.

"हे कुणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

आईनं मला पुढं केलं. "आमच्या गिरजीनं. अक्षरात पयला नंबर असतोय तिचा."

"अक्षर फार चांगलं आहे," साहेब म्हणाले. ते माझ्याकडं बघत नव्हते.

मग त्यांनी आईला समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही. राहायच्या जागेत बाहेरच्या लोकांना रोज, ठरलेल्या वेळी, नियमितपणे सेवा दिली जाते, हे कुणीतरी सिद्ध केल्याशिवाय पालिकेला काही करता येत नव्हतं. ते सिद्ध करायला माणसं नेमावी लागली असती, जबाब घ्यावे लागले असते, आणि ते कुणी घेणार नव्हतं. आता त्रेचाळीस जबाब आले होते. सहीचे. पत्त्यासकट, वेळेसकट. आणि शेऱ्यात लिहिलं होतं की डॉक्टरांना जमलं नाही ते इथं जमतं. त्याच्याखाली रेघ होती.

"तुम्ही लोकांच्या घरी गेला असता, तर मला काहीच म्हणता आलं नसतं," ते म्हणाले.

"खुबा," आई म्हणाली.

"हो."

पंखा फिरत होता. यादीचा वरचा कागद उडायला बघत होता, त्यावर साहेबांनी शाईची दौत ठेवली. मग ते जरा पुढं झुकले.

"एक करता येईल. तुम्ही हा अर्ज परत घ्या. मी एक कागद देतो, त्यावर लिहायचं, की यादीतला मजकूर चुकून लिहिला, अशी बाळं येत नाहीत. अंगठा द्या. मग माझ्याकडं फक्त पंचनामा राहतो, आणि पंचनाम्यात काही नाही."

"काय लिहायचं म्हणालात?"

"की ही बाळं नाहीत."

आईनं हात पदरात घेतले. मला वाटलं तिला कळलं नाही, म्हणून मी तिच्या कानाशी म्हणाले, आई, दे अंगठा. खोली राहील. दे.

तिनं हात वर करून मला थांबवलं. तसंच, बाळ पायांवर असताना थांबवायची तसं.

"साहेब," ती म्हणाली, "नाव घेतल्यालं हाय एकेकाचं. नाव घेतल्याल्या लेकराच्या म्होरं न्हाई कसं म्हणू? जित्ती हायत ती. आत्ता घरी झोपली असतील."

"मावशी, कागदावर म्हणायचं आहे फक्त."

"तुमच्या घरात हाय न बारकं?"

साहेबांचा हात दौतीवर गेला.

"मग तुमी म्हणा बघू एकदा."

साहेबांनी मान खाली घातली. बराच वेळ त्यांनी दौतीचं झाकण उघडलं आणि लावलं. मग फाईलवर लिहिलं. काय लिहिलं ते मला उलटं दिसत होतं, आणि मला उलटं वाचता यायचं.

खोली सोडायला महिन्याची मुदत मिळाली.

खोली सोडायच्या दिवशी सामान न्यायला बायका आल्या, प्रत्येकीच्या कडेवर एक बाळ, दुसऱ्या हातात एक वस्तू. घंगाळ कासारांच्या सुनेनं उचललं. तिनंच त्यांच्या गोदामामागची पत्र्याची खोली मिळवून दिली होती, कारण अर्जाची कल्पना तिची होती हे ती विसरली नव्हती. बाकी कुणी त्याबद्दल बोललं नाही. खंडूकाकांनी कुलूप लावलं, लाख लावली आणि चपला घातल्या. भिंतीवरचा तक्ता आईनं स्वतः काढून पदराखाली घेतला.

पत्र्याच्या खोलीत मोरी नव्हती. बाहेर फरशी टाकून केली. उन्हाळ्यात पाणी तापवावं लागायचं नाही, असं आई म्हणायची. तिसऱ्या महिन्यात एका रविवारी सकाळी दारात बूट काढल्याचा आवाज आला. सरनोबत साहेब होते, मागं त्यांची बायको, बायकोच्या हातात टोपडं घातलेलं बाळ. साहेब बाहेरच उभे राहिले. आईनं पाण्यात कोपर बुडवलं, बाळ पायांवर घेतलं, आणि त्याच्या आईला म्हणाली, "टाळू कोरडी हाय. सांगितलं होतं मी ह्यास्नी."

माझ्या मनात चव्वेचाळीस हा आकडा आला. मी जीभ चावली.

त्या अनुक्रमांकाचं मी आईला कधी बोलले नाही. आईनं मला पट्टीबद्दल, रकान्यांबद्दल, शेऱ्याबद्दल एक शब्द विचारला नाही. मी दहावी झाले, डी.एड. झाले, फळ्यावर अर्जलेखन शिकवू लागले. सोबत यादी जोडली आहे, हे वाक्य मी आजवर कुठल्याच वर्गात शिकवलेलं नाही. मुलांचा परीक्षेत त्यापायी एक गुण जातो.

आता माझी मुलगी तीन महिन्यांची आहे. अंघोळ झाली की ती पाऊण तास झोपते. हे मी त्या पाऊण तासांत लिहिते आहे, आज हा सातवा. आई आमच्याकडंच आहे. तिला आता पाटावर बसता येत नाही. बाथरूमच्या दारात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून ती बसते, आणि मी पाय पसरून बसते, आणि ती सांगते ते करते.

परवा बाळ पायांवर असतानाच मी बोलले. बाळाच्या अंघोळीत मधे बोलायचं नाही हे मला माहीत आहे, पण समोरासमोर बघून मला बोलता आलं नसतं.

"आई, त्या यादीत आकडा होता."

"ठावं हाय."

मी पाणी ओतायची थांबले.

"अक्षर येत न्हाई मला," आई म्हणाली. "आकडे येत्यात. तुझ्या बाच्या तक्त्यावरनं शिकलेली. शेवटच्या वळीत चार होता आन पुढं तीन."

"मग अंगठा कशाला दिलास?"

"हनुवटी धर नीट. नाकात पाणी जाईल."

मी हनुवटी धरली. बाळानं पाय ताणले, माझ्या पोटरीवर तिची इवली टाच घट्ट टेकली. आईनं मांडीवरचा पंचा उलगडून ठेवला. मला वाटलं, विषय संपला.

"एवढ्या रेघा मारल्या होत्यास पट्टीनं," ती म्हणाली. "आन विचारलं तर न्हाई म्हणालीस. दारात समद्या बाया उभ्या. त्यांच्या म्होरं तुला खोटी पाडू व्हय?"

मग खुर्चीतून वाकून तिनं बादलीत कोपर बुडवलं.

"पाणी घे दुसरं. निवलं हे."